तिकडं पाणी नसलं तर

अण्णांच्या सायकलचं कॅरिअर रिकामं दिसलं, की वस्तीतली माणसं मायला विचारायची, "अण्णाला आज बरं न्हाई का?" रिकामी सायकल चालवणं त्यांना कधी जमलंच नाही. जाताना कुणाचं दळण, येताना कुणाच्या पेंडीचं पोतं, कधी बाजारातून परतणारी एखादी म्हातारी, आणि एकदा तर बसमध्ये घेईनात म्हणून लग्नाच्या बँडचा ढोल. "सायकल बी जनावरच हाय. रिकामी फिरवली की माजती," असं ते म्हणत. मी त्यांची एकुलती एक लेक, पण त्या कॅरिअरवर माझा नंबर शेवटचा असे. सगळ्यांची ओझी उतरली, की दारापासून उकिरड्यापर्यंत एक चक्कर मिळायची, तेवढ्यावरच मी खूश असायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. शिरूर अनंतपाळच्या पंचक्रोशीत मात्र त्यांना सगळे 'मलेरियावाले'च म्हणत. माय रागावली की तीही "ओ मलेरियावाले" अशीच हाक मारायची. हिवताप खात्यात त्यांची नोकरी. सायकलवरून गावोगाव फिरायचं, घरात कुणाला ताप आहे का ते विचारायचं, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून पुढं जायचं. त्यांची घंटी ऐकली की पोरं कणगीमागं दडायची. हिवतापाशी त्यांचं वैर जुनं होतं. छप्पन साली माझे आजोबा दीक्षेला नागपूरला निघाले, तेव्हा लहानग्या अण्णांनाही ते सोबत नेणार होते. ऐन निघायच्या दिवशी अण्णांना हुडहुडी भरून ताप आला. आजोबा एकटेच गेले. अण्णा घोंगड्याखाली कुडकुडत राहिले. "एका डासानं माझं नागपूर खाल्लं," असं ते पुढं जन्मभर सांगत. त्या डासाचा सूड घ्यायलाच ते सरकारी नोकरीत शिरले, असं माय म्हणायची.

एखाद्या नव्या गावात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असे. कोन्या गावचे? आणि लगेच दुसरा, कुनापैकी? अण्णा कापसानं सुई पुसता पुसता म्हणत, "डासानं इचारलं का तुमाला कुनापैकी? करा, हात पुढं करा." बरेच लोक हसत आणि हात पुढं करत. काही हसत नसत. अशा घरी बोट दाराबाहेरच टोचायचं, आणि तहान लागून पाणी मागितलंच तर ते वरून ओतून मिळायचं. अण्णा वाकून ओंजळ धरायचे, प्यायचे, भिंतीवर तारीख टाकायचे आणि पुढच्या दाराला लागायचे. घरी येऊन त्यांनी याचा विषय कधी काढला नाही. मला हे कळलं ते त्यांच्याबरोबर फिरायला लागल्यावर, आणि कळलं तेव्हा मला त्यांचाच राग आला. ओंजळ धरताच कशाला, असं मी विचारलं. "तहान लागली व्हती म्हणून," एवढंच म्हणाले.

परदेशाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते फार आधी, भोकरकडे नेमणूक होती तेव्हा. मी त्या वेळी नुकती चालायला लागले होते. हिमायतनगरच्या रस्त्यावर एका बाभळीखाली त्यांना दोन सायकली आणि दोन गोरी माणसं दिसली. एक दाढीवाला बाप्या आणि त्याची दहा-बारा वर्षांची पोरगी. दोन्ही सायकलींना दोन्ही अंगांनी पिशव्या लटकलेल्या, तोंडं उन्हानं लालबुंद, पाणी संपलेलं. अण्णांनी आपली बाटली काढून पुढं केली. पोरीनं ती घेतली, तोंडाला लावली, घटाघटा प्याली, बाहीनं तोंड पुसलं आणि बापाकडं दिली. बापानंही तोंड लावलं आणि हसून परत दिली. अण्णांच्या बाटलीला असं तोंड लावणारं माणूस त्या रस्त्यावर तोवर भेटलं नव्हतं.

पुढची गोष्ट गमतीची होती. एवढ्या उन्हात एवढं ओझं घेऊन सायकल मारतोय म्हणजे हाही सरकारी नोकरच असणार, असं अण्णांच्या मनानं घेतलं. त्यांनी हातवारे करून विचारलं, "कोन्या खात्यात?" तेवढ्यात शाळेचे एक गुरुजी तिथून चालले होते, त्यांनी मोडकंतोडकं इंग्रजी बोलून उलगडा केला. हा माणूस कुठल्याच खात्यात नाही, सुट्टीवर आहे, लेकीला सायकलवरून परका मुलूख दाखवतो आहे. अण्णांना हे काही केल्या पटेना. सुट्टी आहे तर सायकल कामून, आणि सायकल आहे तर मग सुट्टी कशी? हा प्रश्न घेऊन ते घरी आले आणि पुढची कैक वर्षं तो त्यांनी दारोदार विचारला.

मी नववीत गेले आणि माझे पाय पेडलला नीट पुरू लागले. एका रविवारी अण्णा जेवता जेवता म्हणाले, "सुजे, आपन बी जाऊ. परदेशात. सायकलवर. सुट्टीवर." मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी माझा शाळेचा नकाशा आधीच बघून ठेवला होता. श्रीलंकेला मधी समुद्र, पाकिस्तानात जाऊ देत नाहीत, राहिला नेपाळ. तिथं लुंबिनी. नांदेडपर्यंत सायकलवर, तिथून सायकली लगेजच्या डब्यात टाकून गोरखपूरपर्यंत रेल्वेनं, आणि पुढं सायकलवरून सीमा ओलांडायची. लुंबिनीचं नाव ऐकून नातेवाइकांनी हात जोडले, पुण्याचं काम काढलंस म्हणाले. अण्णांनी तिथंच स्पष्ट केलं, "बुद्धाला भेटूच की. पर ह्यो कामाचा फेरा न्हाई, सुट्टी हाय. ह्या सायकलीवर आजवर मी कामाबिगर गेलो न्हाई. एकदा पोरीला घिऊन जाणार." माय भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आधी हितं चार घागरी पाणी आना, मग नेपाळात जा."

मायच्या बोलण्यात खोट नव्हती. दोन पावसाळे कोरडे गेले होते. वस्तीचा आड आटून त्यात कुत्री झोपायला लागली होती. टँकर यायचा तो आधी गावात रिकामा व्हायचा, आणि वेशीबाहेर आमच्याकडं येईतो नळीतून नुसती हवा यायची. त्यातच लातूर जिल्हा नवा नवा झालेला. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, आणि अण्णांचा रजेचा अर्ज मधल्या मधे लटकला. जुनं ऑफिस म्हणे तुम्ही आता नव्या जिल्ह्याचे, नवं ऑफिस म्हणे तुमची कागदं अजून इकडं आलेली नाहीत. दोन्हीकडं खेपा घालून अण्णा परत आले की खुशीतच असत. "सध्या मी कुन्याच जिल्ह्यात न्हाई. म्हंजी निम्मा परदेशी झालोच की," असं सांगून हसायचे. मला मात्र रडू यायचं. शाळेत मी सगळ्यांना सांगून बसले होते.

तयारी थांबली नव्हती. वस्तीपासून दीड कोसावर आप्पा नावाच्या शेतकऱ्याचा मळा होता आणि त्यांच्या विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. त्यांच्या नातवाचा ताप अण्णांच्या गोळ्यांनी उतरला होता, म्हणून ते सकाळी थोडा वेळ मोटर चालू करत आणि आम्ही पाइपाखाली डबे लावत असू. विहिरीच्या कठड्याकडं जायचं नाही, हे कुणी न बोलता ठरलेलं होतं. गोड्या तेलाचे पत्र्याचे डबे, वर लाकडी दांडा ठोकलेला, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन. माझ्या जुन्या सायकलला लहान डबे. अण्णा याला पाणी भरणं म्हणायचे नाहीत, प्रॅक्टिस म्हणायचे. "चढाला वझं घिऊन चढली तर नेपाळ काय, हिमालय चढशील." आम्ही वळणावर आलो की गल्लीत घागरी, कळशा, हंडे ओळीनं मांडलेले असत. अण्णा सायकल न टेकवता डबा उतरवत आणि ओतत जात. पहिली कळशी गयामायची. ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, डोळ्यांनी जवळपास आंधळी, मागं कुणी नाही. ती कळशीजवळच बसून असायची आणि सायकलचा आवाज ऐकून आम्हाला ओळखायची.

पंक्चर काढायला त्यांनी मला त्याच वर्षी शिकवलं. पंक्चर काढायचं म्हणजे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्या वर्षी घमेलंभर पाणी ट्यूबला दाखवणं कुणाला परवडणार? अण्णांनी ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठांजवळून हळूहळू फिरवायला शिकवलं. जिथं ओठाला गार लागेल तिथं बोट ठेवायचं. मी वैतागून म्हणायची, नेपाळात नद्या आहेत, तिथं बुडवू की. यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "तिकडं पाणी नसलं तर?"

हा प्रश्न त्यांनी त्या वर्षात प्रत्येक गोष्टीला विचारला. धपाटे किती दिवस टिकतात ते बघायचं, कारण तिकडं पाणी नसलं तर कोरडं खाता आलं पाहिजे. वाळूनं ताट घासायला शिकायचं, कारण तिकडं पाणी नसलं तर. आणि मुख्य म्हणजे, शिरूरहून निघताना सायकलींना पाण्याचे डबे भरून बांधायचे आणि ते तसेच रेल्वेतून गोरखपूरला न्यायचे. मी भूगोलाचं पुस्तक उघडून दाखवलं. तराईचा प्रदेश, हिमालयातून येणाऱ्या बारमाही नद्या, दलदल. अण्णांनी मन लावून वाचलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "पुस्तकात मांजरा बी वाहती," म्हणाले. मांजरेच्या पात्रात त्या वेळी पोरं विटीदांडू खेळत होती.

शेवटी एप्रिलात रजा मंजूर झाली. नव्या ऑफिसात कुणीतरी दया येऊन सही केली म्हणे. मेच्या सुरुवातीला निघायचं ठरलं. मायनं धपाटे बांधले, शेंगाची चटणी बांधली, माझ्यासाठी जाड कापडाची सलवार शिवली. आदल्या दिवशी अण्णांनी दोन्ही सायकलींना तेल दिलं, नव्या पिशव्या लावल्या आणि मळ्यावरून डबे भरून आणून ठेवले. मी त्या दोन्ही सायकलींकडं सारखी बघत होते. भोकरच्या गोष्टीतली ती गोरी पोरगी आता मीच होणार होते.

पहाटे आम्ही निघालो. उजाडत होतं. माय दारात उभी राहिली, अण्णा पुढं, मी मागं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि अण्णांनी ब्रेक लावला. रोजच्यासारख्या घागरी, कळशा, हंडे ओळीनं मांडलेले होते. आम्ही परदेशी चाललोय हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कितीकांनी आदल्या दिवशी येऊन माझ्या गालांवरून हातही फिरवला होता. तरीही भांडी मांडली होती. सायकली निघाल्या म्हणजे पाणी येणार, एवढंच त्या हातांना ठाऊक झालं होतं. सकाळ झाली की भांडं गल्लीत, त्यात कुणाचा हिशेब नव्हता की हट्ट नव्हता. गयामाय आपल्या कळशीजवळ बसलेली होती. फ्रीव्हीलचा आवाज ऐकून तिनं तोंड वर केलं.

"आज बिगीनं आलास रं बाबा," ती म्हणाली.

अण्णा खाली उतरले. गोरखपूरपर्यंत न्यायचा तो डबा त्यांनी सोडला आणि तिच्या कळशीत ओतला. मग दुसरा. मग माझ्या सायकलचे. ओळ अर्धीही भरली नाही. मला म्हणाले, "सुजे, एक खेप मारू अन् निघू." पिशव्या मायजवळ ठेवून आम्ही मळ्यावर गेलो. एक खेप झाली, दुसरी झाली, आप्पांनी मोटर बंद केली तेव्हा ऊन चढलं होतं. अण्णा म्हणाले, उद्या निघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ होती. टँकर त्या आठवड्यात आलाच नाही. तो कुठल्या जिल्ह्याच्या डिझेलवर चालवायचा याचा निकाल लागेना, असं गावात बोलत होते. रेल्वे नांदेडहून आमच्याशिवाय निघून गेली.

मी त्या दिवसांत अण्णांशी बोलणं टाकलं. डबे भरायचे, सायकल चालवायची, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मला वाटायचं, यांना जायचंच नव्हतं. सगळ्या जगाचं ओझं वाहायची सवय आहे, आणि माझा नंबर आपला शेवटचा. एका सकाळी मळ्यावर मी डबा आपटला आणि तो फुटला. अण्णांनी मला रागावलं नाही. फुटक्या डब्यातलं पाणी दुसऱ्यात घेतलं आणि म्हणाले, "माझं बी मन जळून राहिलंय, सुजे. पर त्या म्हातारीच्या कळशीवरून सायकल कशी काढू?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलायला लागले.

रजा सरत आली. शेवटचा दिवस राहिला त्याच्या आदल्या संध्याकाळी माय चुलीपुढून उठून बाहेर आली. तिनं अण्णांना सांगितलं, उद्या बाया डोक्यावर पाणी आणणार आहेत, मी आप्पांच्या घरी बोलून आले, तुम्ही पोरीला घेऊन कुठंही जा. अण्णा म्हणाले, दीड कोस डोक्यावर? माय म्हणाली, सायकल नव्हती तेव्हा काय आम्ही आभाळातून पीत होतो? तिला सायकलची भीती वाटायची, नेपाळ कुठं आहे तेही तिला धड ठाऊक नव्हतं. पण महिनाभर ती आमची दोघांची तोंडं बघत होती. वस्तीतल्या एकेका घरी जाऊन तिनं हे ठरवून आणलं होतं.

सकाळी आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. भांडी ओळीनं होतीच. पण सगळी पालथी घातलेली. घागरी, कळशा, हंडे, एखाद्या घरचा तांब्याही, सगळ्यांची बुडं आभाळाकडं. आमच्याकडं कुणी गावाला निघालं की भरली घागर समोर यावी म्हणतात, पालथं भांडं अपशकुनी. त्या दिवशी वस्तीनं आम्हाला पालथ्या भांड्यांनी वाटेला लावलं. गयामायनं आपल्या कळशीच्या बुडावर हात ठेवला होता, कुणी सरळ करू नये म्हणून. अण्णांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"चल सुजे," ते म्हणाले. "भांडी पालथी हायत."

रिकाम्या कॅरिअरची सायकल मी आयुष्यात पहिल्यांदा चालवली. आणि आम्हाला ती चालवताच येईना. वर्षभर ओझ्याची सवय झालेली, त्यामुळं हँडल सारखं डगमगायचं, सायकल हातातून निसटल्यासारखी पुढं पळायची. अण्णा दोनदा खड्ड्यात गेले. प्रॅक्टिस सगळी उलटी झाली म्हणून आम्ही हसत सुटलो. कुठं चाललोय ते त्यांनी सांगितलं नव्हतं. देवणी गेलं, वलांडी गेलं, ऊन डोक्यावर आलं, आणि एका ठिकाणी रस्त्याकडेचा मैलाचा दगड आला. अण्णा उतरले, त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि त्यावरची अक्षरं निरखू लागले. गोल गोल, वेलबुट्टीसारखी कानडी अक्षरं.

"तुला वाचता येतंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मला बी न्हाई. झालं तर मग. आला परदेश."

पहिल्याच गावात एका लिंबाखाली एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. अण्णांनी 'नीरू' एवढा एक शब्द कुणाकडून तरी शिकून ठेवला होता, तो त्यांनी वापरला. म्हातारी आत जाऊन तांब्या घेऊन आली. अण्णा सवयीनं वाकले आणि ओंजळ धरून उभे राहिले. म्हातारीला ते काही कळेना. तिनं त्यांच्या ओंजळीकडं बघितलं, कानडीत काहीतरी बोलली, हसली आणि तांब्याच त्यांच्या हातात कोंबला. अण्णांनी तो तांब्या दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी तो तोंडाला लावला. त्यांना असं सावकाश पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. अर्धा तांब्या त्यांनी मला दिला आणि मीही तोंड लावूनच प्याले.

"हिनं इचारलं न्हाई बग, कुनापैकी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तिला आपली भाषाच येत नाही, अण्णा."

"म्हणून तर परदेश म्हणत्यात," अण्णा म्हणाले.

आम्ही तिच्या लिंबाखाली बसून धपाटे खाल्ले, तिलाही दिले. तिनं चटणीला नाक मुरडलं आणि तरीही सगळी संपवली. अण्णा पाय पसरून झाडाला टेकले आणि डोळे मिटून पडले. ना सुई, ना काचपट्टी, ना कुणाचं दळण. सुट्टी म्हणजे काय असतं, ते मला त्यांच्या त्या पसरलेल्या पायांवरून समजलं. तिकडंही 'कुनापैकी' विचारतातच, हे मला पुढं मोठेपणी कळलं, आणि अण्णांना ते तेव्हाही ठाऊक असणार. पण त्या दुपारी त्या म्हातारीनं विचारलं नाही, आणि अण्णांनी तेवढ्यावर जन्म काढला. गावात लोक चिडवायचे, कर्नाटकाला कुठं परदेश म्हणतात का? अण्णा म्हणत, "तिथला दगड वाचून दावा, मग बोला."

पुढं पाऊस झाला, आड भरला, गयामाय गेली, अण्णा निवृत्त झाले. मी नांदेडला कॉलेजात शिकवायला लागले आणि दोघांना इकडं घेऊन आले. लुंबिनीला विमानानं नेते, असं मी कितीदा तरी म्हटलं. ते हसून नको म्हणायचे. सायकलवर जायचं होतं, बसून कामून जाऊ? शेवटच्या वर्षी मी त्यांना सांगितलं, की मी आणि माझी लेक तन्वी युरोपात सायकलवर फिरायला जाणार आहोत, एका मोठ्या नदीच्या काठाकाठानं. त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्याच क्षणी त्यांनी विचारलं, "तिकडं पाणी नसलं तर?" तन्वी खो खो हसली, आजोबा, नदीच्या काठानंच जायचंय. पण आजोबा बधले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी तिच्याकडून प्रॅक्टिस करून घेतली. कॅरिअरला पाण्याचे कॅन बांधून ती सोसायटीला चकरा मारायची आणि शेवटी ते पाणी वॉचमनच्या माठात ओतून वर यायची. तिनं पंक्चरची ट्यूब ओठांजवळून फिरवायला शिकून घेतली, त्या दिवशी अण्णा दुपारभर तिचा हात धरून होते. हिवाळा संपायच्या आत ते गेले. तापानं नाही, वयानं. डासानं नेलं नाही, एवढं तरी समाधान, असं माय म्हणाली.

आम्ही निघालो त्या सकाळी गाडी खाली उभी होती. शेजारच्या काकू दही-साखर घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. उंबऱ्याबाहेर, बरोबर मधोमध, एक जुनी पोचे पडलेली कळशी पालथी ठेवलेली होती. काकू म्हणाल्या, अगं बाई, निघताना पालथं भांडं? आणि ती सरळ करायला वाकल्या. माय भिंतीला धरून उभी होती. हल्ली ती फार बोलत नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "म्या ठिवलंय ते."

तन्वी माझ्याकडं बघू लागली. मी वाकून त्या कळशीच्या बुडाला हात लावला, मायच्या पाया पडले आणि लेकीची पिशवी उचलली.

"चल," मी तिला म्हटलं. "भांडी पालथी हायत."